पंखा बसला आहे

आमची बस घाटात बंद पडली तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर होती. हॉलमध्ये, खिडकीपाशी, शिवणयंत्र आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधल्या जागेत.

हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या लोकांना सांगितलं की आता मला त्यात काही विचित्र वाटेनासं झालंय. तुम्हाला वाटत असेल तर नीट सांगतो. माझ्या बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि त्यांना खाली उतरवलं. घरी बसून बसून ते सोफ्याला गिअर टाकायला लागले, तेव्हा मी आमच्या डेस्कटॉपवर त्यांना बस चालवायचा गेम घालून दिला. टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग, पायाखाली तीन पेडल, आणि नाकासमोर हातभर अंतरावर भला मोठा स्क्रीन. तेवढ्या जवळचं त्यांना स्वच्छ दिसतं.

बाबा गेम खेळत नाहीत. हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. ते ड्युटीवर जातात. दाढी करून, शर्ट खोचून, पाण्याची बाटली भरून. सपाटीवरच्या सगळ्या फेऱ्या त्यांनी दोन महिन्यांत संपवल्या आणि मग घाटाची फेरी लागली. बेचाळीस प्रवासी, एकोणीस वळणं, वर शेवटचा थांबा. अकराव्या वळणावर आमचा कॉम्प्युटर, म्हणजे खालचा तो काळा डबा, मोठ्याने घोंगावायचा, मग खर्रर्र करायचा, मग गप्प. मिनिटभराने स्क्रीन काळा. डब्यावर हात ठेवला तर चटका.

आणि बाबा त्या काळ्या स्क्रीनसमोर हँडब्रेक ओढून बसून राहायचे.

"बाबा, जेवायला चला," माझी बायको म्हणायची.

"आत बेचाळीस माणसं आहेत."

"त्यांना नाही भूक लागत."

"तुला काय माहीत?"

असं नऊ वेळा झालं. एकतीस वर्षांत या माणसाने एकदाही प्रवासी वाटेत सोडले नव्हते. निवृत्तीच्या पत्रात साहेबांनी तेवढं एकच वाक्य धड लिहिलंय. नवव्या वेळी ते उठले आणि मला म्हणाले, "गाडी आपली आपण तापत नसते रे. ड्रायव्हर तापवतो."

"बाबा, मशीन खराब आहे."

"सगळे असंच म्हणतात. मीही माझ्याखालच्या पोरांचं हे कधी ऐकून घेतलं नाही. रविवारी शेवटची फेरी मारतो. गेली तर गेली. नाहीतर हे स्टिअरिंग काढ आणि माळ्यावर टाक. हात गेला माझा, असं समजायचं."

दिवस होता मंगळवार. माझ्याकडे चार दिवस होते आणि कॉम्प्युटरमधलं मला एवढंच कळतं की तो भिंतीतल्या विजेवर चालतो.

सल्ला द्यायला दोन माणसं ताबडतोब हजर झाली. एक वरचे काका. ते बर्फाच्या कारखान्यात फोरमन होते, त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण थंड केली की सुटते असा त्यांचा अनुभव. दुसरा समोरच्या दारातला इंजिनिअर. तो इंजिनिअर नाही. कुणाच्याही घरातली कुठलीही वस्तू उघडतो म्हणून त्याचं हे नाव पडलं. बंद करता येत नाही, त्यासाठी वेगळं नाव अजून पडलेलं नाही.

काकांनी आधी डबा फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं. आणि तेही गंभीरपणे.

"आणि दूध कुठे ठेवू काका?" बायकोने विचारलं. "टेबलाखाली? वायर जोडून?"

मग काका म्हणाले, निदान टेबलफॅन लाव, गार हवा आत ढकलली पाहिजे. इंजिनिअर म्हणाला, चूक, साफ चूक, गरम हवा बाहेर ओढली पाहिजे. मी म्हणालो, दोन्ही करू. मला अजून कळत नाही की यात माझं काय चुकलं. डब्याच्या डावीकडे काकांचा फॅन ठेवला, उजवीकडे इंजिनिअरचा. इंजिनिअरने त्याचा उलटा ठेवायचा तो सुलटा ठेवला. त्यामुळे दोन्ही फॅन एकमेकांवर हवा फेकत बसले आणि हवा बिचारी मध्ये उभी. कुठे जावं तिलाच कळेना. शेवटी तिने वरची वाट धरली आणि सातव्या वळणावर खिडकीचा पडदा उडून थेट बाबांच्या तोंडावर बसला.

बाबांनी करकचून ब्रेक मारला.

"आत तीन माणसं पडली," ते पडद्यामागून म्हणाले. मग पडदा बाजूला करून त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी नापास झालो तेव्हाही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात इंजिनिअरने डबा उघडला. मी त्याला सांगत होतो की त्यावर काहीतरी चिकटवलंय, वाचू दे. वाचेपर्यंत झाकण त्याच्या हातात होतं आणि कागदाचे दोन तुकडे. तुकडे जोडून वाचलं: उघडल्यास हमी रद्द. पण उघडल्यामुळे निदान रोग दिसला. आत, मधोमध, मुठीएवढा पंखा. तो काही वेळ छान फिरायचा, मग तापला की खर्रर्र करून थांबायचा. का थांबतो ते दिसेना. आत वायरींचं असं जंगल होतं की आपलं बोट आपल्याला परत सापडेल की नाही याची खात्री नव्हती.

इंजिनिअर म्हणाला, "बसला."

मी म्हणालो, "बसला."

काकाही म्हणाले, "बसला की हो!"

तीन माणसं, तीन वेळा, एकच शब्द, आणि कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही. हे लक्षात ठेवा. कारण इथून पुढे ज्या संस्थेशी माझी गाठ पडली तिथे ही भाषा बोलणारं कुणी नव्हतं.

कंपनीच्या वेबसाइटवर लिहिलं होतं: तुमची तक्रार तुमच्या भाषेत नोंदवा. मी नोंदवली. मी पाइपफिटिंगच्या गोदामात काम करतो, दिवसभर माल आला गेला लिहितो, थोडक्यात आणि स्वच्छ लिहायची सवय आहे. लिहिलं: "आमच्या कॉम्प्युटरचा पंखा बसला आहे. कृपया माणूस पाठवावा." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "आपला पंखा बसला असल्याचे आपण कळवले, त्याबद्दल आभार. तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

मला राग लवकर येतो असं घरात म्हणतात. खोटं आहे. राग मला वेळेवरच येतो, लोक मूर्खपणा लवकर करतात. मी अर्धी रजा टाकली आणि सर्व्हिस सेंटरला गेलो.

काउंटरवर एक बाई होत्या. चेहरा असा की त्यांच्या आयुष्यात कधी काही तापलंच नसावं.

"तुमची तक्रार तर सुटली आहे सर."

"सुटली नाही. पंखा फिरत नाही."

"पण बसलाय ना?"

"बसलाय म्हणूनच तर फिरत नाही!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, बसल्याशिवाय तो फिरणार कसा?"

मी काउंटरवर दोन्ही हात टेकवले. मग म्हणालो, "हे बघा. आवाज बसतो. बरोबर? धंदा बसतो. मोटार बसते. तसा पंखा बसला."

"मोटार बसते म्हणजे जागेवर नीट बसते ना?"

"नाही हो, जळते!"

"मग जळली लिहायचं."

"जळली नाही ना पण, पंखा आहे तो!"

मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "दादा, तुमचं नक्की काय बसलंय?" दुसरा म्हणाला, "डोकं." रांग हसली. मी शिकलेला माणूस नाही, पण माझी भाषा मला येते एवढा एक माज होता, तो त्या रांगेसमोर उतरवून बाईंनी काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "नवीन तक्रार करा सर. शब्द बदला."

शब्द बदलला. "पंखा बंद आहे." उत्तर: "कृपया पंख्याचे बटण चालू करून पाहावे." पुन्हा बदलला. या वेळी रागाच्या भरात लिहिलं, "पंखा मेला." उत्तर तासाभरात आलं: "मृत ग्राहकाच्या वतीने तक्रार करताना वारसाने आपले नाते नमूद करावे."

शुक्रवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पुटपुटत होतो. बसला म्हणजे मेला. बसला म्हणजे जागेवर आला. मग मेलेला माणूस जागेवर येतो का? शब्द इतक्या वेळा चावला की त्याची चवच गेली. बसला. बसला. बसला.

हॉलमधून बाबा घाबऱ्या आवाजात म्हणाले, "काय झालं बसला?"

बायकोने हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही जरा पडा."

शनिवारी बाबांनीच सूत्रं हातात घेतली. "लिहून काही होत नसतं," ते म्हणाले. "तोंडाने सांगावं लागतं. नंबर दे." मी दिला. आता ही कंपनी अशी की कॉम्प्युटरपासून ट्रकच्या बॅटरीपर्यंत सगळं बनवते. फोनवर आधी बाई बोलते, कॉम्प्युटरसाठी एक दाबा, वाहनासाठी दोन दाबा. बाबांनी दोन दाबलं. क्षणभरही विचार केला नाही. मी शेजारी उभा होतो, मी पाहिलं, आणि मला वाटलं, असेल त्यांचं काहीतरी. चार दिवसांत माझी अशी अवस्था झाली होती की कुणी सात दाबलं असतं तरी मी मान डोलावली असती.

"घाटात तापते," बाबा फोनमध्ये म्हणाले. "अकराव्या वळणावर. बेचाळीस प्रवासी. नाही, कुणाला लागलं नाही, तीन पडले होते परवा, पण ते पडद्यामुळे. हो, मीच ड्रायव्हर. पंखा बसलाय. हां, बसलाय! पत्ता लिहून घ्या."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "उद्या सकाळी येतो म्हणाले. काय अवघड होतं यात?"

रविवारी दहा वाजता आमच्या गल्लीत क्रेन शिरली.

पिवळी. मोठी. मागे हूक लोंबकळतोय, वर दिवा फिरतोय. गल्ली अशी की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. क्रेन आमच्या दारात येऊन थांबली आणि गल्ली संपली. वरच्या खालच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. क्रेनवाला उतरला. दारापेक्षा रुंद माणूस, हातात कागदाचं पॅड.

"बस कुठाय?"

"वर," मी म्हणालो.

त्याने आधी वरच्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मी बोट केलेल्या खिडकीकडे.

"तिसऱ्या मजल्यावर?"

"हॉलमध्ये."

"गेली कशी?"

मी खुलासा करायला लागलो. खुलासा करताना माझं मलाच ऐकू येत होतं, आणि ते ऐकून मी माणसाला घरात घेतलं नसतं. क्रेनवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला काही घेणं नाही साहेब. मला वाहन बघितल्याची सही लागते. सहीशिवाय परत गेलो तर माझी हजेरी कापतात. बस दाखवा, सही द्या, मी निघालो."

तो तीन मजले चढून आला. मागून काका, मागून इंजिनिअर. हॉलमध्ये बाबा स्टिअरिंगसमोर बसले होते, शर्ट खोचलेला, बाटली भरलेली. शेवटची फेरी. क्रेनवाला दारातच थांबला. पॅड उघडलं.

"वाहनाचा प्रकार?"

"प्रवासी," बाबा म्हणाले.

"आसनं?"

"बेचाळीस."

"चाकं?"

बाबांनी हातातलं स्टिअरिंग दाखवलं. क्रेनवाल्याने नाक खाजवलं आणि लिहिलं. मी वाकून पाहिलं. त्याने लिहिलं होतं: एक शिल्लक.

"बंद पडल्याचं ठिकाण?"

मी म्हणालो, हॉल. बाबा म्हणाले, अकरावं वळण. क्रेनवाल्याने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि बाबांचं लिहिलं. मग पेन खिशाला लावून त्याने विचारलं, आणि हे मात्र फॉर्ममध्ये नव्हतं, "चढाला कितव्यात ठेवता?"

"दुसऱ्यात. अकराव्याला पहिल्यात."

"वळायच्या आधी टाकता की वळताना?"

"वळताना गिअरला हात लावणाऱ्याला मी गाडीतून उतरवलंय," बाबा म्हणाले.

"मग तुमचा दोष नाही," क्रेनवाला म्हणाला. "असं चालवून गाडी तापत नाही. गाडीत खोट आहे."

हेच मी मंगळवारपासून सांगत होतो. हेच, याच शब्दांत. माझं ऐकून बाबांनी मान हलवली नव्हती. याचं ऐकून ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बघता का जरा?"

क्रेनवाला गुडघ्यावर बसला. झाकण नव्हतंच. इंजिनिअरने काढलेलं झाकण परत लागलं नव्हतं, ते आता फुलदाणीखाली होतं.

"पंखा थांबतो तापल्यावर," मी म्हणालो. आणि घाबरत घाबरत जोडलं, "बसलाय."

"दिसतंय ना," तो सहज म्हणाला. "पण मेलेला नाही."

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. हात पुरले नसते.

त्याने बोट घातलं आणि एक काळी वायर उचलून दाखवली. तिला बांधून ठेवणारी पट्टी तुटली होती. गार असताना वायर ताठ असायची. डबा तापला की सैल पडायची, लोंबायची, आणि पात्यात जाऊन अडकायची. खर्रर्र तो. पंखा थांबला की डबा आणखी तापायचा. चार दिवस, तीन तक्रारी, एक अर्धी रजा, एक बोटभर वायर. त्याने खिशातून काळी चिकटपट्टी काढली आणि वायर बाजूला बांधून टाकली. मग आत फुंकर मारली आणि खोकला. "धूळ आहे. खाली हवेचा पाइप आहे गाडीवर. आणा खाली."

डबा खाली न्यायला सहा हात लागले, कारण काका आणि इंजिनिअर दोघेही मदत करत होते. क्रेनच्या पाइपमधून हवेचा झोत निघाला आणि डब्यातून राखाडी ढग. काका नेमके दुसऱ्या बाजूने डोकावून बघत होते. ढग विरला तेव्हा काकांच्या भुवया कुठे संपतात आणि धूळ कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

"बघ," इंजिनिअर त्यांना म्हणाला, "हवा बाहेर काढायची असते म्हणून सांगत होतो."

"आत ढकलली म्हणून बाहेर आली, गाढवा," काका धुळीतून म्हणाले. या वादाचा निकाल माझ्याकडे मागू नका.

वर येऊन डबा जोडला. बाबा बसले. आणि कुणी गेलंच नाही. क्रेनवाला पलंगाच्या कडेला टेकला, "चढ बघतो आणि जातो" म्हणाला. काका, इंजिनिअर त्याच्या शेजारी. बायको चहाचा ट्रे घेऊन आली ती ट्रेसकट उभी राहिली. मी स्टुलावर, बनियनवर, अनवाणी. खाली गल्लीत कुणीतरी क्रेनच्या नावाने हॉर्न वाजवत होतं. क्रेनवाल्याने ढुंकून पाहिलं नाही.

बस निघाली. पाचवं वळण. सातवं, तिथे मी उठून पडदा धरून ठेवला. नववं. डबा घोंगावायला लागला. दहावं. बाबांच्या मानेवर घाम दिसत होता. काका ओठ न हलवता "हळू, हळू" म्हणत होते. अकराव्याच्या अलीकडे बाबांनी पहिला टाकला आणि आम्ही सगळे, देवाशपथ, सगळेच्या सगळे, डावीकडे कललो. चहा सांडला. डबा घोंगावतच राहिला. खर्रर्र झालं नाही. वळण मागे पडलं.

बारावं गेलं. तेरावं गेलं. पुढची बाबांनी अशी काढली की मला वळण आहे हे वळून गेल्यावर कळायचं.

शेवटच्या थांब्यावर त्यांनी गाडी लावली. हँडब्रेक. दार उघडल्याचा फस्स असा आवाज आला. माणसं उतरायला लागली आणि बाबा पुटपुटत मोजायला लागले. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळिसावी एक म्हातारी होती, तिला पायरी उतरायला वेळ लागला. बाबा थांबले. ती उतरून दिसेनाशी झाल्यावर त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले, उलटे सुलटे करून पाहिले, आणि मांडीवर ठेवले.

मला वाटलं आता काहीतरी बोलतील. बोलले. मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उतरा की. शेवटचा थांबा आहे. गाडी डेपोत रिकामी न्यायची असते."

आवाज असा होता की आधी क्रेनवाला उठला. मग काका. इंजिनिअर ट्रेमधला एक कप घेऊन उठला. बायको "सावकाश, पायरी आहे" असं काकांना म्हणत दाराबाहेर गेली. रांगेत, धक्काबुक्की न करता, आम्ही सगळे हॉलमधून बाहेर पडलो. जिना उतरलो. एक मजला, दोन मजले, तीन. काका वरच राहतात, पण तेही खाली आले.

गल्लीत ऊन होतं. क्रेनवाल्याने पॅडवर माझी सही घेतली, केबिनमध्ये चढला आणि खिडकीतून मला विचारलं, "तुम्हाला कुठे सोडू?"

"मी इथेच राहतो," मी म्हणालो.

"मग उतरलात कशाला?"

वर तिसऱ्या मजल्यावर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि आम्ही सगळे, काका, इंजिनिअर, बायको आणि मी, आपोआप भिंतीकडे सरकून गाडीला वाट करून दिली.